फोन नदीत गेला, मेल उघडेना

प्रश्न : मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. परवा आयर्विन पुलाजवळ घाटावर फोन कृष्णेत पडला. पासवर्ड बरोबर आहे, पण त्यानंतर लागणारा कोड जुन्या फोनच्या ॲपमध्येच यायचा. सहा वर्षांच्या हिशेबाच्या पट्ट्या त्या मेलमध्ये अडकल्यात.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, घाबरू नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल अजून उघडा असेल, तर लॉगआउट मुळीच करू नका. आधी पट्ट्या उतरवून घ्या. मग त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, तेवढं थांबा. नंबर खात्याला जोडलेला असेल, तर कोड त्यावर मागवता येईल. गुगलचं खातं असेल, तर ८ आकडी १० बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना वापरायला आधीच काढून ठेवायचे कोड) कधी छापले होते का? वहीची मागची पानं, तिजोरी, सगळं धुंडाळा. एक सापडला तरी काम होतं.