‘अडचण आली तर फोन कर’ एवढ्यानं भागत नाही

बालगृहातून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी माझ्याकडे येते तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सोबत आलेल्या माणसाचा असतो. ‘मॅडम, खोली बघून दिली, नोकरी लावून दिली, खात्यावर पैसे येतात, तरी ही पोरं टिकत का नाहीत?’ संस्थेचे अधीक्षक हे विचारतात, मुलाची फाइल सांभाळणारे केस वर्कर विचारतात, आपुलकीनं नोकरी देणारे मालकही विचारतात. मुलांचा स्वतःचा प्रश्न फार उशिरा येतो, तोही निघताना, चपला घालता घालता. ‘ताई, मला एकट्याला जमेल का?’

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असं मला इतक्या वर्षांच्या कामानंतर वाटतं. ती एका मुलाच्या निमित्तानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नावही. त्याला इथे सुनील म्हणू.

सुनील लहानपणापासून संस्थेत वाढला. अठरा पूर्ण झाली आणि तो हडपसरला कॉट बेसिसवर राहायला गेला. एका खोलीत चौघं, मेसचा डबा, एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम. माझ्याकडे आला तेव्हा त्यानं तिसरी नोकरी सोडलेली होती. केस वर्करच्या कागदावर शेरा होता, ‘कामात सातत्य नाही.’

समोर बसलेला मुलगा मात्र आळशी अजिबात नव्हता. इस्त्रीचा शर्ट, वेळेच्या आधी हजर. संस्थेच्या स्वयंपाकघरात तो मावशींच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबलेला. सगळ्या मुलांचा भात किती लावायचा हे त्याला नजरेनं कळायचं. मेस परवडेना म्हणून खोलीवर पहिल्यांदा भात लावला तेव्हा मात्र एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे, ते त्याला माहीत नव्हतं. पातेलंभर भात झाला, दोन दिवस तोच खाल्ला. शेजारच्या काकूंना विचारलं का नाहीस, म्हटलं तर म्हणाला, ‘एवढं पण येत नाही म्हणतील.’

हे वाक्य मी लिहून ठेवलं. पुढे हाताला जे लागलं त्याचं टोक तिथेच होतं.

नोकरी का सोडली, यावर बरेच दिवस एकच उत्तर मिळत राहिलं, ‘जमलं नाही.’ मग हळूहळू कळलं की तिन्ही वेळा घडलं ते सारखंच होतं. ताप आला, तो खोलीवर पडून राहिला, सुपरवायझरला कळवलं नाही. दोन दिवसांनी बरं वाटलं, पण आता कुठल्या तोंडानं जायचं म्हणून गेलाच नाही. फोन आले ते उचलले नाहीत. शेवटी सिम बदललं.

‘पहिल्याच दिवशी फोन केला असतास तर?’

‘काय सांगणार ताई? आजारी आहे म्हटलं की विचारतात, घरी कोण आहे बघायला. मग सगळं सांगावं लागतं.’

घरातून शिकायला पुण्यात आलेल्या कुठल्याही अठरा वर्षांच्या पोराला बघा. गॅस संपला की आईला फोन, डोकं दुखलं की आईला फोन, खिसा रिकामा झाला की बाबांना. तोही परावलंबीच असतो, पण त्याला तसं कुणी म्हणत नाही. ‘आता तुला तुझ्या पायावर उभं राहायचंय’ हे आपण त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाला इतक्यांदा ऐकवतो, की मदत मागणं म्हणजे नापास होणं असं तो धरून चालतो. त्यात लहानपणापासून माणसं त्याला सोडून गेलेली असतात. कुणी आपल्याला काढून टाकण्याआधी आपणच निघून गेलेलं बरं, हे त्याचं शहाणपण अनुभवातून आलेलं आहे. कागदावर त्याला ‘सातत्य नाही’ म्हणतात.

चौथी नोकरी मिळाली तेव्हा तो रुजू होण्याचा फॉर्म घेऊन आला. इंग्रजी नीट भरलंय का, एवढंच बघायचं होतं. अक्षर सुरेख. आणीबाणीत कुणाला कळवायचं, त्या रकान्यात एक मोबाइल नंबर होता.

‘हा कुणाचा?’

‘माझाच. दुसरं सिम आहे.’

‘म्हणजे तुला काही झालं तर ते तुलाच फोन करणार?’

तो हसला, आणि मग एकदम गप्प झाला. पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘कुणाचा टाकायचा ताई? टाकला तर तो माणूस म्हणेल ना, माझा का दिलास.’

‘माझा टाक’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. कुणाच्याही आले असते. मी ते आवरले, आणि आजही मला वाटतं की त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं. माझा नंबर हा कामाचा नंबर. उद्या माझी जागा दुसरी कुणी घेईल. त्याच्या आयुष्यात आधीच अशी पुष्कळ माणसं येऊन गेली होती, जी पगारी होती, प्रेमळ होती आणि बदली होऊन गेली. त्याला हवा होता तो बदली न होणारा माणूस, आणि तो त्यानंच निवडायला हवा होता.

‘विचारायचंच झालं तर कुणाला विचारशील?’

त्यानं संस्थेतल्या एका मोठ्या मुलाचं नाव घेतलं. चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, आता फुरसुंगीला गॅरेजमध्ये काम करणारा. दोघं एकाच हॉलमध्ये वाढलेले, पण सुनीलनं त्याला वर्षभर फोन केला नव्हता. ‘तो बिझी असतो.’

‘आत्ता लावून बघ.’

स्पीकरवर फोन लावला. मागे पान्यांचा खणखणाट. सुनीलनं घसा खाकरून, जणू मुलाखतच आहे अशा सुरात सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, ‘अरे टाक की! त्यात विचारायचं काय? आणि मेल्या, आहेस कुठं वर्षभर?’

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघत म्हणाला, ‘एवढंच होतं?’

हो, एवढंच होतं. पण त्या एवढ्याशासाठी तीन नोकऱ्या गेल्या होत्या. मी काही बोलले नाही. त्यानं आपला नंबर खोडला, वर दादाचा लिहिला आणि नात्याच्या रकान्यात जराही न थांबता ‘भाऊ’ लिहिलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. पगार सुरू झाल्यावर कधी न भेटलेली एक मावशी उगवली आणि दोन महिन्यांचे पैसे तिकडे गेले. हे फार मुलांच्या बाबतीत होतं. त्यांना रागावू नका, ती भूक समजून घ्या. पण पुढच्या तापात त्यानं पहिल्याच दिवशी दादाला फोन केला, दादानं सुपरवायझरशी बोलायला लावलं, आणि नोकरी राहिली.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं 1958 साली मांडलेला एक विचार मला या कामात रोज उपयोगी पडतो. माणूस एकटं राहायला शिकतो तो कुणाच्या तरी सोबतीत. मूल आपल्या नादात खेळत असतं, आई बाजूला आपलं काम करत असते, आणि त्या सोबतीतून पुढे एकटं असताना न घाबरण्याची ताकद येते. ज्यांना हे लहानपणी पुरेसं मिळालं नाही, त्यांना ते विसाव्या वर्षी द्यावं लागतं. देता येतं, हे मी पाहिलं आहे.

कायद्यालाही याची थोडी जाण आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद केली, आणि 2016 च्या नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ते तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येतं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. अनाथ मुलांना महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते संस्था सोडण्याआधीच हातात पडलेलं बरं. नंतर कागदांसाठी हेलपाटे घालताना रजा जातात, रजा गेल्या की नोकरी जाते.

संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी मुलाचा पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असतो. त्यात राहणं, शिक्षण, रोजगार सगळं असतं. अधीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्यात एक जागा माणसांसाठी ठेवा. आजारी पडलास तर कोण, पैसे संपले तर कोण, नुसतं बोलावंसं वाटलं तर कोण. तीन वेगळी नावं, मुलानं सांगितलेली, आणि त्या तिघांशी मुलाच्या देखत झालेलं बोलणं. हे काम सतराव्या वर्षाच्या शेवटी घाईनं उरकू नका, पंधराव्या-सोळाव्या वर्षीच हाती घ्या. त्याच वयात एका माणसाचा स्वयंपाक करू द्या, बँकेच्या रांगेत उभं राहू द्या, थोडे पैसे चुकीचे खर्चूही द्या.

केस वर्करना मी नेहमी सांगते, ‘अडचण आली तर फोन कर’ असं म्हणू नका. ही मुलं अडचणीत फोन करत नाहीत, अडचणीतच तर ती गायब होतात. ‘दर रविवारी संध्याकाळी मी फोन करणार’ असं सांगा आणि करा. उचलला नाही तर ‘कुठे होतास?’ असं दरडावू नका, पुढच्या रविवारी पुन्हा करा. फोनवर बोलायला विषय नसला तरी चालेल.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हा मुलामुलींना. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी, जमल्यास कामाच्या वेळेआधी, एवढंच सांगा: ‘सर, ताप आहे, आज येत नाही, उद्या सकाळी कळवतो.’ घरी कोण आहे हे सांगायचं तुमच्यावर बंधन नाही. दोन दिवस न सांगता गेले असतील, तरी तिसऱ्या दिवशी जा. ओरडा बसेल, पण ओरडा बसणं म्हणजे काढून टाकणं नव्हे.

दिवाळीचं मात्र मोठ्यांनी बघायला हवं. त्या दिवसांत बऱ्याच मेस बंद असतात, खोलीतले बाकीचे गावी जातात. कुणाकडे जेवायला जायचं ते दसऱ्यालाच ठरवून टाका, आणि येताना काय आणायचं तेही सांगून ठेवा. आयत्या वेळच्या आमंत्रणाला ही मुलं हमखास नाही म्हणतात.