विनोदातला धक्का

पत्रातून आलेला हा प्रश्न आमच्या नाशिकच्याच एका बालसाहित्य लिहिणाऱ्या बाईंचा आहे. नव्या पुस्तकाचे मनोगत लिहिताना त्या तीन ठिकाणी अडल्या. ‘लेखकाला स्वतःचा आवाज सापडला’ हे मराठीत चालते का? मुलांच्या गोष्टींतल्या हसण्याला ‘विनोद’ म्हणावे की ‘गंमत’? आणि ज्या चित्रकार, नाटकवाल्या मित्रमैत्रिणींच्या गप्पांतून ही पुस्तके झाली, त्यांना ‘माझा कंपू’ म्हटले तर वाईट दिसेल का?

आवाजाचे आधी उरकतो. चालत नाही. ‘आवाज’ फारसी आहे म्हणून नव्हे. तो केव्हाच घरचा झाला. पण मराठीत आवाज चढतो, बसतो, घुमतो. सापडते ती किल्ली. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती येते, त्या आठवड्यात आमच्या शहरात व्याख्यानांची रांग लागते, आणि प्रत्येक व्यासपीठावरून कोणीतरी नवलेखकांना ‘आपला आवाज शोधा’ असे बजावतो. गवयाचा सूर लागतो तसा लेखकाचाही लागतो, एवढे साधे आहे. त्याहून नेमका शब्दप्रयोग तर कोणी वापरतच नाही: कंठ फुटणे. मूल स्पष्ट बोलू लागले की त्याला कंठ फुटला म्हणतात, आणि राव्याच्या मानेभोवती रंगीत पट्टा उमटतो त्यालाही कंठ फुटणेच म्हणतात. बोलणे आणि ओळखीची खूण, दोन्ही एकाच शब्दात. बाई, कितव्या पुस्तकात तुम्हाला कंठ फुटला ते लिहा. वाचकाला लगेच कळेल.

आता विनोद. दरवर्षी कुठल्यातरी समारंभात एक सूत्रसंचालक ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ म्हणतो आणि अर्थ सांगतो, की शहाण्यांचा वेळ काव्य, शास्त्र आणि विनोद या तीन गोष्टींत जातो. मग तिसरी गोष्ट म्हणून एक चुटका सांगतो. हे ऐकून मला दरवेळी त्रास होतो. त्या श्लोकात तीन गोष्टी नाहीतच. काव्य आणि शास्त्र हाच शहाण्यांचा विनोद, म्हणजे मन रमवण्याचा उद्योग. चुटक्यांचा तिथे काही संबंध नाही.

विनोद म्हणजे वि + नुद्. नुद् म्हणजे ढकलणे, हाकलणे. अंधार हाकलणारा तो ‘तमोनुद’. अग्निबाणाला पुढे रेटणाऱ्या इंधनाला हिंदीत ‘प्रणोदक’ म्हणतात, तोही याच धातूचा. म्हणजे मुळात विनोद हा धक्का आहे. शीण, कंटाळा, विरह यांना दूर ढकलणारे जे काही असेल ते विनोद. त्यात हसू असलेच पाहिजे असे नाही. मेघदूतातला, बायकोपासून दूर पडलेला यक्ष सांगतो, की पत्नी देवपूजेत असेल, माझे चित्र काढत असेल, पिंजऱ्यातल्या सारिकेशी बोलत असेल, उंबऱ्यावर फुले मांडून राहिलेले महिने मोजत असेल. आणि पुढे म्हणतो, ‘प्रायेणैते रमणविरहेष्वङ्गनानां विनोदाः’, म्हणजे प्रियकराच्या विरहात स्त्रियांचे बहुधा हेच विनोद. रडू दाबून केलेल्या या गोष्टी, आणि त्यांना कालिदास विनोद म्हणतो.

आमच्या शहरातले एक निवृत्त प्राध्यापक मात्र वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की आमोद, प्रमोद, विनोद ही तिघे भावंडे, सगळ्यांचे मूळ ‘मोद’. नाही. आमोद, प्रमोद, अनुमोदन आणि मोदक हे मुद् धातूचे कुटुंब, म्हणजे आनंदाचे. ‘वि’ला ‘मोद’ जोडला असता तर ‘विमोद’ झाला असता. मधल्या ‘म’चा ‘न’ कोणत्या नियमाने झाला, हे त्यांनी एकदाही सांगितलेले नाही. यमक जुळले म्हणजे व्युत्पत्ती जुळत नाही, आणि हे विद्यार्थ्यांना शिकवले जाते याचे मला फार वाईट वाटते.

इथून पुढचे माझे मत आहे, आणि ते मी अनेक वर्षे धरून आहे. त्या सुभाषिताची दुसरी ओळ पाहा: ‘व्यसनेन च मूर्खाणां निद्रया कलहेन वा’. मूर्खांचा वेळ व्यसनात, झोपेत नाहीतर भांडणात जातो. विनोदासमोर व्यसन उभे केले आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीची बाजू घेतो: ‘मिथ्यैव व्यसनं वदन्ति मृगयामीदृग्विनोदः कुतः’. लोक शिकारीला उगाच व्यसन म्हणतात, असा विनोद दुसरा कुठला? पुन्हा तीच जोडी. व्यसन म्हणजे वि + अस्, आणि हा अस् फेकण्याचा. दोन्ही शब्दांत ‘वि’, दोन्हींत दूर लोटण्याची क्रिया. विनोदात माणूस दुःखाला ढकलतो, व्यसनात माणूसच फेकला जातो. ही जोडी जुन्यांनी जाणूनबुजून वापरली, केवळ वृत्तात बसली म्हणून नव्हे, असे मी मानतो.

आणि त्या अंकात कोण वैतागलेले आहे? विदूषक! राजाच्या शिकारीमागे रानोमाळ धावून त्याचे सांधे धरले आहेत. आज ज्याला आपण विनोदी पात्र म्हणतो, तोच राजाच्या विनोदाने बेजार झाला आहे. शब्द किती सरकला हे याहून चांगले कुठे दिसत नाही.

आपल्याकडचा पुरावा तर त्याहून गोड. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, शके १०५१ म्हणजे इ.स. ११२९ च्या या ग्रंथात, वीस विनोदांचा एक विभागच आहे. मल्लांच्या कुस्त्या हा विनोद, गाणे हा विनोद, कथा सांगणे हाही विनोद. त्यातल्या गीतविनोदात मत्स्यावताराविषयीच्या मराठी ओळी आहेत. आपल्या भाषेतल्या पद्यरचनेचा एवढा जुना नमुना ‘विनोद’ या मथळ्याखाली जपला गेला, याचा मला अपार आनंद आहे.

तेव्हा बाई, मुलांशी बोलताना ‘गंमत’ म्हणा, मनोगतात ‘विनोद’ लिहा, पण ढकलायचे काय हे ठरवून लिहा. तुम्हीच पत्रात सांगितलेत, की भुताची गोष्ट लिहिताना तुमच्या चित्रकार मित्राने विचारले, ‘पाय उलटे असतील तर याला चप्पल कशी बसते?’ आणि गोष्ट तिथून भुताला घेऊन चपलेच्या दुकानात गेली. मुलांच्या मनातली भीती त्या प्रश्नाने ढकलली. हाच नुद्.

राहिला कंपू. हा शब्द छावणीवाचक युरोपीय शब्दावरून आला. महादजी शिंद्यांसाठी डी बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत; ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाचा भाग आजही आहे. आता मराठीत त्याला दुसऱ्यांना आत न घेणाऱ्या टोळक्याचा वास येतो. तुमच्या मित्रांना तो लावू नका. ‘सवंगडी’ लिहा. गोकुळातले सवंगडी आपापली शिदोरी आणून एकत्र कालवत, तोच काला. तुमच्या गप्पांचे वर्णन वाचून मला तेच आठवले. आणि चपलेचा प्रश्न विचारणाऱ्याचे नाव सगळ्यात आधी घाला.