वाचकांचे प्रश्न : अंधारातली पोवळी

प्रश्न (रावेर) : पोवळ्यांना ऊन लागतं असं पुस्तकात आहे. मग हजार-दोन हजार फूट खोल, काळोखात ती वाढतात कशी? आणि वर हिमयुगं आली-गेली, त्याची झळ तिथवर पोचली का?

उत्तर : ऊन लागतं ते उथळ पाण्यातल्या पोवळ्यांना, त्यांच्या अंगातलं शैवाल उन्हावर अन्न बनवतं. लोफेलियासारख्या खोल पाण्यातल्या जाती शैवाल पाळतच नाहीत. साधारण 4 ते 12 अंशांच्या पाण्यात, प्रवाहाबरोबर येणारं बारीक खाद्य पकडून त्या जगतात. फांदी वर्षाला 5 ते 25 मिलिमीटर वाढते. वाढीची तऱ्हा रावेरकरांना समजवायला नको: केळीच्या बुंध्याशी पील फुटावं तसा एका पॉलिपच्या (पोवळ्याच्या एका इवल्या जिवाच्या) कडेला दुसरा फुटतो. फरक इतकाच, की केळीचं कापलेलं खोड कुजून जातं. इथे चुन्याचा सांगाडा उरतो, त्याच्या फांद्यांत गाळ अडकतो आणि टेकडी चढत जाते.

झळ पोचली, पण ती नुसत्या थंडीची नव्हे. सगळी मदार प्रवाहावर: तो खाद्य आणि प्राणवायू आणतो की नाही. ईशान्य अटलांटिकमध्ये 50 अंश अक्षांशाच्या उत्तरेला पोवळी उबदार काळातलीच सापडतात. नॉर्वेजवळचे आजचे प्रवाळखडक बर्फ मागे सरल्यानंतरचे. स्पेनजवळचं काडिझचं आखात आणि मोरोक्कोच्या बाजूला उलट: तिथली भरभराट हिमयुगातली, आज बहुतेक टेकड्यांवर मेलेले सांगाडेच. आयर्लंडजवळची चॅलेंजर टेकडी 2005 मध्ये पायथ्यापर्यंत छेदली. उंची 155 मीटर, सुरुवात सुमारे 26 लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे सरासरी वर्षाला 0.1 मिलिमीटरही नाही! कारण मधे सुमारे 17 ते 10 लाख वर्षांपूर्वीचा थरच नाही. अशा टेकड्या भरात असताना भराभर चढतात, मग युगानुयुगं गप्प.

प्रश्न (पारोळा) : इतक्या जुन्या पोवळ्याचं वय काढतात कसं?

उत्तर : समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळजवळ नसतं. पोवळं चुन्याबरोबर युरेनियम घेतं. पुढे युरेनियम-234 पासून थोरियम-230 बनत जातं. या थोरियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 75,600 वर्षं. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं, पण 5-6 लाख वर्षांपर्यंतच. चॅलेंजरच्या तळाशी ही पद्धत हात टेकते. तिथे स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि गाळातल्या चुंबकत्वाच्या दिशा कामी आल्या.

खरी मेहनत सफाईत आहे. तुकड्यावर लोह-मँगनीजचा काळा लेप असतो, तो हिऱ्याच्या बारीक चकतीने खरवडायचा. किड्यांनी आणि स्पंजांनी पोखरलेला भाग कापून टाकायचा. मग ध्वनिलहरींच्या हौदात धुऊन, उरलेला लेप रसायनांनी उतरवून नायट्रिक आम्लात विरघळवायचं. चिकणमाती राहून गेली तर तिच्यातलं थोरियम मिसळतं आणि वय फुगतं. थोरियम-232 जास्त दिसलं की समजायचं, माती राहिली. दुसरी खूण : हिशेबाने मूळ युरेनियम-234 चं प्रमाण समुद्राच्या आजच्या प्रमाणाशी जुळायला हवं. जुळलं नाही, तर नंतर युरेनियमची ये-जा झालेली. तो आकडा सरळ टाकून द्यावा.

त्याच तुकड्याचं कार्बन-14 चं (काळाबरोबर घटत जाणाऱ्या कार्बनवरून काढलेलं) वय मात्र जास्त निघतं. ही चूक नाही, उलट कमाईच आहे. खोल पाणी पृष्ठभागावरून केव्हाच निघालेलं असतं, त्याचा कार्बन आधीच शिळा. दोन वयांतल्या फरकावरून, हिमयुगात ते पाणी किती काळ खाली कोंडलं होतं याचा अंदाज येतो.

प्रश्न (जळगाव) : सराफ बाजारातलं अंगठीचं पोवळं याच जातीचं का?

उत्तर : नाही. दागिन्यातलं नावाजलेलं लाल पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातलं कोरॅलियम रुब्रम. तेही शैवालाविना, अंधाऱ्या कपारींत वाढतं, पण बरंचसं काही दशक मीटर खोलीवरच. जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. 8 मिलिमीटरच्या मण्यामागे निदान 16 वर्षं धरा. ताटात लिंबू पिळण्याआधी अंगठी काढून ठेवा. पोवळं चुन्याचंच, आम्लाने त्याची चकाकी उतरते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही.