रान विकायच्या आधी एक रविवार

निपाणीजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात: 'मुलीनं यंदा पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घेऊन सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी केली. गणितात १०० पैकी ९६ पडले. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीईटीची रँक मधलीच आली, त्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत नाही. तिचे पप्पा म्हणतात, थोडं रान काढू, पण मॅनेजमेंट कोट्यातनं कॉम्प्युटरलाच घालू. ती एकच धरून बसलीय, बीएस्सी मॅथ्स. पाहुणे म्हणतात, शेवटी मास्तरीणच व्हायचं की मग. निपाणीत घालावं, बेळगावला की कोल्हापूरला, तेही आम्हाला कळत नाही.'

ताई, सप्रेम नमस्कार.

रानाचं आधी बोलतो. विकू नका. चार वर्षं मॅनेजमेंटची फी, वर हॉस्टेल, आणि तेही मुलीनं स्वतः न मागितलेल्या कोर्ससाठी, हा व्यवहार मला पटत नाही. कॉम्प्युटरचं दार बीएस्सीनं बंद होत नाही. गणितातली पदवी घेऊन एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर कोर्सला जाता येतं, कर्नाटकात त्यासाठी पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तिला खरंच तिकडं वळायचंय का, हे तीन वर्षांनी तीच सांगेल, आणि तेव्हा रान जागेवर असेल. तिच्या पप्पांना माझं हे एवढं वाचून दाखवलंत तरी चालेल.

आता ते ९६. चांगलेच आहेत, पण माझा निर्णय मी त्यांवर घेणार नाही. पीयूसीचं गणित बरंचसं सरावाचं असतं. रीत ठाऊक असते, आकडे बदललेले असतात, हात बसला की मार्क पडतात. पदवीचं गणित हळूहळू दुसरंच होत जातं. तिथं 'उत्तर काढा' मागं पडतं आणि 'सिद्ध करा' पुढं येतं. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस ओळखीचा वाटतो, पोरं खुशीत असतात. मग रिअल अॅनालिसिस आणि ग्रुप थिअरी येते, आणि पीयूसीला नव्वदीच्या वर असलेली कितीतरी मुलं तिथं गप्प होतात. हुशारी कमी पडते असं नाही. आपल्याला आकडेमोड आवडत होती, गणित नव्हे, हे त्यांना तिथं पहिल्यांदा कळतं.

हे आधी ताडून बघायचं असेल तर एक काम करा. येत्या रविवारी तिला चौकटीच्या वहीचा एक कागद द्या, मोबाईल काढून घ्या, आणि एवढंच सांगा: उभ्या-आडव्या रेघा जिथं छेदतात त्या कोपऱ्यांवर कुठंही पाच ठिपके दे. त्या पाचांत अशी एक तरी जोडी असणारच, की जिचा मध्यबिंदूही बरोबर एखाद्या कोपऱ्यावरच पडतो. ठिपके कसेही दिले तरी. का ते सांग.

उत्तर तुमच्यासाठी देतो, तिला दाखवू नका. उभ्या आणि आडव्या रेघांना क्रमांक द्या. प्रत्येक ठिपक्याला दोन क्रमांक मिळतात. सम-विषम बघितलं तर गट चारच होतात: सम-सम, सम-विषम, विषम-सम, विषम-विषम. गट चार आणि ठिपके पाच, म्हणजे निदान दोन ठिपके एकाच गटात जाणार. त्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज दोन्ही बाजूंनी सम येते, निम्मं केलं की पूर्ण संख्याच, म्हणजे मध्यबिंदू कोपऱ्यावर. एवढंच आहे. पीयूसीचा एकही फॉर्म्युला लागला नाही.

उत्तर आलं की नाही याला मी फार किंमत देणार नाही. ती काय करते ते बघा. पाच-सात वेळा ठिपके देऊन 'होय, खरं आहे' म्हणून वही मिटली, तर ती सवय पीयूसीची, मोडता येते. दोन तास उत्तर नाही, जेवायला हाक मारली तरी कागद सोडत नाही, हे चिन्ह चांगलं. आणि उत्तर सापडल्यावर कुणी न सांगता 'मग चार ठिपक्यांवर का भागत नाही?' असं तिच्या तोंडून आलं, तर मला पत्रसुद्धा पाठवायची गरज नाही, सरळ अॅडमिशन घ्या. (चारांवर भागत नाही. एकाच चौकटीचे चार कोपरे घेऊन बघा, एकही मध्यबिंदू कोपऱ्यावर येत नाही.) उलट, पंधरा मिनिटांत कंटाळून 'उत्तर सांग ना' झालं, तर तिच्याशी शांतपणे बोला. मॅथ्स हवंय ते विषयासाठी, की मैत्रीण जातेय म्हणून, की इंजिनिअरिंगची धास्ती वाटते म्हणून? अशा कंटाळणाऱ्या मुलीला कॉम्प्युटर सायन्स किंवा स्टॅटिस्टिक्स बरोबर घेतलेली बीएस्सी जास्त मानवेल.

पाहुण्यांचं म्हणणं. मास्तरीण होणं ही काय शिक्षा आहे का? सीमाभागातल्या खेडोपाडी गणित नीट शिकवणारी बाई शोधायला गेलं की कळतं किती कमी आहेत ते. शिकवायचंच मनात असेल तर म्हैसूरला एनसीईआरटीची रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे, तिथला बीएस्सी आणि बीएड एकत्र असलेला चार वर्षांचा कोर्स बघून ठेवा, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. एक गोष्ट मात्र रागावला तरी सांगतो. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नड लिहिता-वाचता यावं लागतं. तिनं शाळेत कन्नड केलेलंच असणार, ते विसरू देऊ नका. सीमाप्रश्नावर आपलं मत काय असायचं ते असो, त्यापायी मुलीची एक बाजू आपणच का बंद करायची?

शाळेच्या पलीकडंही वाटा आहेत. पदवीनंतरची मोठी परीक्षा म्हणजे जॅम. तिच्यातून आयआयटीत एमएस्सी मिळते, बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये (आयआयएस्सी) इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय) स्वतःची परीक्षा घेतात. आयएसआयचा बीमॅथ हा गणिताचा पदवी कोर्स आपल्याच राज्यात बेंगळूरला चालतो, फी जवळजवळ नाही, उलट महिन्याला विद्यावेतन मिळतं. पण त्याचे फॉर्म पीयूसीच्या परीक्षेच्या सुमारासच सुटतात, म्हणून आपल्याकडच्या पोरांना त्याचा पत्ताच लागत नाही. त्यासाठी वर्ष मोडायला मी सांगणार नाही, एमएस्सीच्या वेळी ते दार पुन्हा उघडतं. विमा कंपन्यांतलं अॅक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडायचं काम, बँकांच्या परीक्षा, स्टाफ सिलेक्शनमधली सांख्यिकी अधिकाऱ्याची जागा, डेटाची कामं, हे सगळं गणितवाल्यांना खुलं आहे. मात्र नुसत्या पदवीवर यातलं काही हातात पडत नाही. आपल्या विद्यापीठांच्या पेपरात तीच ती प्रमेयं फिरून येतात, पाठ करून ८५ टक्के पडतात, आणि असं पोरगं जॅमला बसलं की पेपर परक्या भाषेतला वाटतो. म्हणून पहिल्या वर्षापासून दोन गोष्टी लावून घ्यायच्या. रोज एक तरी सिद्धता पुस्तक मिटून स्वतः लिहायची, आणि कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, इंग्रजीतून आहेत, सुरुवातीला जड जातील. मराठी माध्यमाचं भय बाळगू नका. गणिताचं इंग्रजी फार थोडं असतं, तेच तेच शब्द फिरतात, एका सेमिस्टरमध्ये सवय होते.

उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे, प्रा. कुमारेसन यांनी सुरू केलेलं. सुमारे महिनाभर मुलांना प्रश्न विचारून विचारून गणित करायला लावतात, तयार उत्तर देत नाहीत. निवड झाली तर शेतात कामं असली तरी पाठवा. पुण्याच्या एसपी कॉलेजच्या पुढाकारानं होणारी माधव गणित स्पर्धाही पदवीच्या मुलांसाठीच आहे.

आता कॉलेज. तुमचं गाव मजेशीर ठिकाणी आहे. निपाणीतलं बागेवाडी कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. आणि तिथून हाकेच्या अंतरावरचं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाचं. एका गल्लीतल्या दोन पोरी दोन राज्यांच्या पदव्या घेऊ शकतात! कोल्हापूर बसनं जवळ, बेळगाव जवळपास दुप्पट लांब, पण बेळगावला जीएसएस आणि आरएलएस ही जुनी सायन्स कॉलेजं आहेत. मी नावावरून निवडणार नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारा: तिसऱ्या वर्षाला गणित हा मुख्य विषय ठेवता येतो का, आणि मागच्या वर्षी त्यात किती मुलं होती? पाच-सहाच असतील तर वर्ग चालतो की कागदावरच आहे, हे तिथल्या मुलींना विचारा, ऑफिसात नको. गणिताचे कायम प्राध्यापक किती आणि तासावरचे किती, हेही. तुमच्याकडून रोज येऊन-जाऊन होत असेल आणि एक जरी चांगला शिक्षक तिथं असेल, तर पहिली तीन वर्षं घरून करायला काहीच हरकत नाही. हॉस्टेलचा खर्च एमएस्सीसाठी राखून ठेवा.

दोन राज्यांतला फरक ध्यानात घ्या. कर्नाटकानं २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली. महाराष्ट्रात नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. तीन वर्षांनंतरची एमएस्सी दोन वर्षांची, ऑनर्सनंतर एक वर्षाची, त्यामुळं एकूण वर्षं सारखीच होतात. पुढं कॉलेजात शिकवायचं झालं तर पात्रता परीक्षा द्यावी लागते: के-सेट कर्नाटकापुरती आणि महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती, नेट मात्र देशभर चालते. दोन्हीकडं पाय ठेवणाऱ्यांनी नेटच डोळ्यांसमोर ठेवावी.

शिष्यवृत्तीचं गृहीत धरू नका. कर्नाटकाची शिष्यवृत्ती पलीकडच्या कॉलेजात चालेलच असं नाही, ते कर्नाटकाच्या एसएसपी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधी बघा. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना काही सवलती देतं, तुमचं गाव त्या यादीत असेल तर तहसीलचा दाखला काढून ठेवा. देवचंदला किंवा कोल्हापूरला घालणार असाल तर पीयूसीच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, त्याला वेळ लागतो, अर्ज आत्ताच करा. आणि दोन-तीन ठिकाणी फॉर्म भरलेत तर मूळ मार्कशीट आणि टीसी ज्या कॉलेजात नक्की ठरेल तिथंच द्या. एकदा जमा झालेला मूळ कागद परत मिळवायला जुलै महिन्यात फार खेटे घालावे लागतात.