काउंटरवर घेतलं म्हणजे चाललं, असं नाही

प्रश्न : भाच्याला परदेशी टपालाने पार्सल पाठवलं. आत एक टॅब्लेट, एक पॉवर बँक आणि थोडे कपडे. काउंटरवर वजन झालं, विमा उतरवला, पावती मिळाली. सात आठवड्यांनी पत्र आलं : 'निषिद्ध वस्तू आढळल्याने पार्सल रोखण्यात आले आहे. भरपाई देय नाही.' निषिद्ध होतं तर घेतलं कशाला? एवढ्याशा बॅटरीने काय होतं? साडेपाच महिने मी फोन करते आहे, भाचा तिकडे हेलपाटे घालतो आहे, कोणी दाद देत नाही. टपाल खातं आणि विमान कंपनी, दोघांनाही नोटीस पाठवू का?

उत्तर : अशी पत्रं मला बरीच येतात. यंत्र बदलतं, देश बदलतो, पण 'घेतलं कशाला' हा प्रश्न काही बदलत नाही. त्याचं उत्तर देते, पण आधी तुमच्याच एका वाक्याकडे वळू या, कारण सगळं प्रकरण तिथे अडलेलं आहे.

साडेपाच महिने झाले, असं तुम्ही लिहिता. कधीपासून? पार्सल टाकलं त्या दिवसापासून, की पत्र हातात पडलं त्या दिवसापासून? सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच लिहायची राहिली आहे.

परदेशी टपालाचा कारभार चालतो तो जागतिक टपाल संघटनेच्या कराराने. त्या करारात चौकशी मागण्याची मुदत सहा महिन्यांची आहे, आणि ती मोजायची पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पत्र केव्हा आलं, फोन कोणी उचलला नाही, अमुक साहेब रजेवर होते, यातल्या कशाचाही त्या मोजणीशी संबंध नाही. सहा महिन्यांत पाठवणाऱ्याने चौकशी मागितली नाही, तर टपाल खात्याची जबाबदारी संपते. मग तुमची बाजू कितीही खरी असो.

म्हणजे साडेपाच महिने पार्सल टाकल्यापासूनचे असतील, तर तुमच्या हातात पंधरवडा आहे. हे उत्तर पुढे वाचत बसू नका. पावती शोधा, तिच्यावरचा शिक्का बघा आणि उद्या सकाळी चौकशी अर्ज द्या. टपालाच्या भाषेत त्या फॉर्मला सीएन ०८ म्हणतात. ऑनलाइन सोय असेल तर तीही चालेल, पण नोंद क्रमांक हातात येईपर्यंत उठू नका.

आणि ते साडेपाच महिने पत्र आल्यापासूनचे असतील, तर मुदत उलटून गेली आहे. अशा वेळी एकच धागा उरतो : या काळात तुम्ही केव्हातरी काहीतरी लेखी दिलंत का? एखादा ईमेल, संकेतस्थळावरची तक्रार, फोनवरून मिळालेला तक्रार क्रमांक, काहीही. मुदतीच्या आतली अशी एखादी नोंद सापडली, तर 'चौकशी तेव्हाच मागितली होती' असं म्हणता येईल. खातं ते मान्य करेलच असं मी सांगत नाही. नुसत्या फोनांचा मात्र उपयोग नाही. फोन केल्याने मनाचं समाधान होतं, कागद होत नाही. ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी एक अर्ज टाकला असता, तर हे उत्तर तीन ओळींत संपलं असतं.

आता 'घेतलं कशाला'. करारात याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं आहे, आणि ते तुमच्या विरोधात जातं. पाठवायला मनाई असलेल्या वस्तूमुळे टपाल कर्मचाऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्यांच्या पार्सलांचं नुकसान झालं तर पाठवणारा जबाबदार. आणि काउंटरवर ती वस्तू स्वीकारली गेली म्हणून पाठवणाऱ्याची ही जबाबदारी सुटत नाही. शिवाय पार्सल मनाईत बसत असेल तर भरपाईही नाही, मग विमा असो वा नसो. (कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही. संघटनेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सदस्य देशांच्या अधिवेशनात, करार बदलला जातो आणि आकडे पुढेमागे होतात. जुना आकडा अर्जात टाकून हसं करून घेऊ नका.)

शिवाय सीएन २३ हा कस्टमचा फॉर्म तुम्ही भरला होता. त्यात सहीच्या जागी बारीक अक्षरात छापलेलं असतं की वर दिलेला तपशील खरा आहे आणि या पार्सलमध्ये कोणतीही धोकादायक किंवा मनाई असलेली वस्तू नाही. खाली सही तुमची. काउंटरवरच्या माणसाने डबा उघडून बघितला नाही ही त्याची ढिलाई मानली, तरी कागदावर खात्री त्याने दिलेली नाही, तुम्ही दिलेली आहे. तेव्हा 'तुम्हीच घेतलंत' हा मुद्दा आता सोडून द्या. त्याच्यावर तुमचे साडेपाच महिने गेले.

'एवढ्याशा बॅटरीने काय होतं' हे वाक्य पत्रात नसतं तर बरं झालं असतं. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एक मालवाहू विमान आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता. याच्यावर अधिक लिहीत नाही.

विमान कंपनीला नोटीस? नको. हवाई वाहतुकीचा १९९९चा माँट्रियल करार दुसऱ्या कलमातच सांगून मोकळा होतो की टपालाच्या बाबतीत विमान कंपनी फक्त टपाल खात्याला उत्तरदायी आहे. पाठवणाऱ्याशी तिचा संबंध नाही. उत्तर आलंच तर ते हेच असेल, आणि ते येईपर्यंत उरलेला पंधरवडाही जाईल.

मग तुमच्या बाजूने काय उरलं? टॅब्लेट. तुमच्या पत्रात तुम्ही टॅब्लेट आणि पॉवर बँक एकाच दमात लिहिली आहे, टपाल खात्यानेही दोन्ही एकाच ओळीत गुंडाळलं आहे. कायद्याच्या नजरेत मात्र या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

पॉवर बँक हे यंत्र नव्हे, ती निव्वळ बॅटरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत तिचा क्रमांक ३४८०, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या परदेशी टपालात चालत नाहीत. प्रवासी विमानातून माल म्हणूनही त्यांना १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. ती टॅब्लेटच्या शेजारी ठेवली, कपड्यांत गुंडाळली, नवी कोरी होती, याने फरक पडत नाही. तिच्यावर पाणी सोडा.

टॅब्लेटचं तसं नाही. त्याची बॅटरी आत बसवलेली आहे, म्हणून तो क्रमांक ३४८१ मध्ये येतो. यंत्रात बसवलेली लिथियम-आयन बॅटरी १०० वॅट-तासांच्या (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) आत असेल आणि एका पार्सलमध्ये अशा दोनपेक्षा जास्त बॅटऱ्या नसतील, तर आंतरराष्ट्रीय नियम ती टपालाने पाठवू देतात. टॅब्लेटची बॅटरी १००च्या पुष्कळ खाली असते. आकडा यंत्राच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात सापडेल. वॅट-तास दिले नसतील तर मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. ८,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट, म्हणजे २९.६ वॅट-तास. हा हिशोब अर्जाला जोडा.

पण इथे एक अट आहे, आणि तिच्याबद्दल मी खात्री देऊ शकत नाही. लिथियम बॅटरीची यंत्रं स्वीकारायला टपाल खात्याकडे त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची मंजुरी लागते. काही खात्यांकडे ती आहे, काहींनी घेतलेलीच नाही. तुम्ही जिथून पार्सल टाकलं तिथल्या खात्याकडे नसेल, तर टॅब्लेटही मनाईतच गेला आणि माझा हा सगळा युक्तिवाद तिथेच संपला. पार्सल जिथे गेलं त्या देशाचे निर्बंध वेगळे. म्हणून खात्याची मनाई असलेल्या वस्तूंची यादी आधी वाचा. पाठवण्यापूर्वी वाचायची होती, असो.

मंजुरी आहे असं धरून पुढे जाऊ. वाहतुकीत धोकादायक वस्तू सापडली, तर ती काढून तिची विल्हेवाट लावावी आणि उरलेलं पार्सल पुढे पाठवावं, अशी सोय टपाल कराराच्या नियमांत आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही. 'आम्ही पाठवलं नाही' असं खातं म्हणू शकतं. पण मग टॅब्लेट आणि कपडे आहेत कुठे, हे त्याला सांगावं लागेल. तुम्हाला आलेल्या पत्रात ते कुठेच नाही. पार्सल जप्त झालं, नष्ट केलं, की कुठल्या गोदामात पडून आहे? कायद्याने जप्त झालं असेल तर भरपाईची वाट बंद होते, पण जप्ती कोणीतरी, कुठल्यातरी तारखेला, कुठल्यातरी आदेशाने केलेली असते. तो कागद मागा.

अर्ज साधारण असा असू द्या : 'अमुक तारखेला टाकलेले अमुक क्रमांकाचे विमा पार्सल रोखल्याचे आपण कळवले आहे. कोणती वस्तू निषिद्ध ठरली, ती कोणी, कोठे व केव्हा काढली, हे कळवावे. पार्सलमधील टॅब्लेटची बॅटरी यंत्रात बसवलेली असून क्षमता अमुक वॅट-तास आहे. टॅब्लेट व कपडे सध्या कोणाच्या ताब्यात आहेत ते कळवून ते पत्त्यावर पाठवावेत अथवा मला परत करावेत. ते उपलब्ध नसल्यास त्यांची भरपाई द्यावी.' एवढंच. पॉवर बँकेची भरपाई मागू नका, पण ती पार्सलमध्ये नव्हती असंही लिहू नका. तिचा एक्स-रे त्यांच्याकडे असणार. आणि 'काउंटरवरच्या माणसानेच सांगितलं, कपड्यांत ठेवा म्हणून' हे जे मला कळवलंत, ते कोणी विचारलं तर खरं सांगा, पण बचाव म्हणून स्वतःहून पुढे करू नका. त्यातून त्याची चूक सिद्ध होण्याआधी तुम्हाला माहीत होतं हे सिद्ध होतं.

भाचा तिकडे हेलपाटे घालतो आहे, त्याला थांबवा. पार्सल त्याला मिळालेलंच नाही, तेव्हा भरपाईचा हक्क पाठवणाऱ्याचा, म्हणजे तुमचा आहे. तो तुम्ही लेखी त्याच्या नावे सोडलात तरच त्याच्या जाण्याला अर्थ.

खात्याने नकारच दिला तर पुढे ग्राहक न्यायालय आहे का, टपाल खात्याला तुमच्या देशाच्या कायद्याने किती संरक्षण आहे, हे तो कायदा बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. एवढं सांगते की एका टॅब्लेटसाठी कोर्टात गेलात तर निकाल लागेपर्यंत तो टॅब्लेट कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. तारखेला जाण्यायेण्यातच त्याची किंमत निघून जाते.

कुरिअरने पाठवणाऱ्यांनी यातलं सहा महिन्यांचं गणित स्वतःला लावू नये. हवाई मार्गाने गेलेल्या कुरिअरला माँट्रियल करार लागतो : माल खराब होऊन मिळाला तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार, दाव्याची मुदत दोन वर्षं, आणि जास्त मूल्य जाहीर केलेलं नसेल तर भरपाईची कमाल मर्यादा वजनावर, २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ विशेष आहरण अधिकार (एसडीआर, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). अर्ध्या किलोच्या टॅब्लेटला म्हणजे १३. तिथेही वस्तूचं वर्णन चुकीचं दिलं तर त्याचा भुर्दंड पाठवणाऱ्यावरच येतो.

शेवटी, तुम्ही न विचारलेली गोष्ट. भाच्याला कस्टम भरावं लागू नये म्हणून फॉर्मवर किंमत कमी दाखवायची सवय बहुतेकांना असते. तुम्ही तसं केलं असेल, तर अर्जात टॅब्लेटची पूर्ण किंमत मागितल्यावर खातं तुमचाच फॉर्म तुमच्यापुढे ठेवेल, आणि प्रकरण कस्टमकडे गेलं तर तो वेगळाच ताप. विम्याच्या रकमेपेक्षा जास्त तर तसंही मिळणार नाही. तेव्हा अर्ज देऊन पोच घेतलीत की सीएन २३ची तुमच्याकडची प्रत आणि विम्याची पावती मला पाठवा. मूल्याच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघितल्याशिवाय किती मागायचं ते मी सांगणार नाही.