'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी' या गाण्यातली राणी राजाला फसवते का?

नाही. उलट त्या दोघांत खरं बोलणारी तीच आहे.

तुम्ही लिहिलंय की राणी काही न सांगता निघून जाते. पहिलं कडवं पुन्हा ऐका. राजा खुशीत आहे. आपल्याला शब्दांवाचून भाषा समजते, तिच्या हाताच्या रेषा आपल्या नशिबाशी बोलतात, असं सांगतोय, आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे तिला सगळं आधीच ठाऊक आहे. शब्दांवाचून समजतं म्हणणाऱ्याला समोरचे डोळे मात्र वाचता येत नाहीत! कवी मंगेश पाडगावकरांनी राजाला काढलेला हा चिमटा चालीच्या गोडव्यात कुणाच्या लक्षातच येत नाही.

पुढच्या कडव्यात ती तोंडाने सांगतेसुद्धा. 'उद्या पहाटे दुसऱ्या वाटा, दुज्या गावचा वारा.' फक्त त्याच्याकडे बघत नाही, दूरच्या ताऱ्याकडे बघते. दुजं गाव म्हणजे सासर, असं मी धरतो. कवीने तसं कुठे म्हटलेलं नाही, पण इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्याला दुसरं काही सुचत नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईला दिल्या. मध्यंतरी आत्या भुट्ट्याच्या किसासाठी कणसं किसत बसली होती, मनगटापर्यंत चिकट दूध उडालेलं. तिला तुमचाच प्रश्न विचारला. हात न थांबवता म्हणाली, "तेव्हा मुलीला विचारत कोण होतं रे? रडली, तेवढंच तिच्या हातात होतं."

मला या गाण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सांगणारा 'मी' म्हणतच नाही. आपलं मोडलेलं प्रेम सरळ सांगवत नाही, म्हणून तो राजा-राणीची गोष्ट सांगतो, तीही भातुकलीतली. भातुकलीचा डाव असाच मोडतो. घरून हाक आली की उठायचं, त्यात कुणी कुणाला दगा देत नाही. पण गोष्टीचा आव शेवटच्या कडव्यात टिकत नाही. तिने डोळे का मिटले, त्याचा श्वास का कोंडला, असं तो विचारत सुटतो. परक्याच्या गोष्टीबद्दल कोणी इतक्या कळवळून विचारत नाही.

यशवंत देवांच्या चालीत आणि अरुण दात्यांच्या गळ्यात हे बरोबर उतरलंय. दाते आमच्या इंदूरचे, गाण्याचे नावाजलेले दर्दी रामूभैया दाते यांचे चिरंजीव, आधी गझल गाणारे. त्यामुळे असेल, पण दुःखाच्या शब्दावर ते रडका जोर देत नाहीत, ओळ नुसती सोडून देतात. हौशी गायक 'केविलवाणी'वर आवाज कापरा करतात, तिथे मी चॅनेल बदलतो.

आणि हो, आमच्याकडे हे गाणं लग्नाच्या संगीतातही हौसेने म्हणतात. 'राजा आणिक राणी'च्या पुढचं कुणी ऐकत नसावं.