मशीनच हुशार झालं, तर कारखान्यात शेजारी माणूस कशाला उभा असतो?

भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो, तेव्हा तिथलंच सांगतो.

आमच्याकडे मशीनिंग झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, कॅमेऱ्याखालून जातो. रात्रपाळीच्या शेवटच्या तासालाही कॅमेऱ्याची नजर तशीच राहते. माणसाचे डोळे तोवर थकलेले असतात. पण जॉबवर कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब राहिला की कॅमेरा त्यालाही ओरखडा समजतो. तो रिजेक्ट जॉब ऑपरेटर पुसतो, नख फिरवून बघतो आणि निर्णय देतो. ओरखडा खरा निघाला तर इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजलाय का, जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरवर चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकून जॉब तिरका बसतोय का, हे शोधतो. त्याने दिलेला निर्णय फोटोसोबत साठतो आणि पुढे त्यावरूनच कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर शिकतं. म्हणजे टार्गेट गाठायच्या घाईत ऑपरेटरने डोळे झाकून ‘ओके’ दाबलं, तर मशीनही तेच शिकणार. सगळ्यात जास्त जपायला हवं ते इथे.

कामाची ही वाटणी जुनीच आहे. जपानी संशोधक साकिची टोयोडांचा 1924 चा जी-टाइप माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे एकाच कामगाराला बरेच माग सांभाळता यायचे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार साध्या कामगारालाही मिळाला.

कोबोट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारे यांत्रिक हात, धक्का जाणवताच थांबतात. कोबोटच्या सुरक्षिततेसाठीच्या 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात माणसाच्या शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल, याच्या मर्यादा दिल्या आहेत. पण यांत्रिक हाताच्या टोकाला धारदार टूल असेल तर कोबोटलाही जाळी किंवा तसंच दुसरं संरक्षण लागतं. विक्रेते हे सहसा आधी सांगत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी 1983 मध्येच दाखवून दिलं होतं की ऑटोमेशन सोपी कामं स्वतःकडे घेतं, अवघड माणसावर सोडतं आणि वर त्याचा सरावही मोडतं. म्हणून नव्या मुलाला थेट स्क्रीनसमोर बसवू नये, आधी काही महिने मायक्रोमीटर आणि बोअर गेज ही मापाची साधनं हाताळू द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

एखादा कारखाना बघायला मिळाला तर ऑपरेटरला जरूर विचारा, लाइन थांबवायला त्याला कोणाची परवानगी लागते. तिथे माणूस आणि मशीन खरंच मिळून काम करतात का, हे त्याच्या उत्तरावरून बरंचसं कळेल.